सीलियाचा पगार

संत्रे म्हणजे काय हे प्रेक्षकांना समजावून सांगणारा चित्रपट माझ्या पाहण्यात एकच आहे. 1943 सालचा 'मिलियन्स लाइक अस'. सुरुवातीलाच निवेदक युद्धाआधीच्या शेवटच्या उन्हाळ्याची आठवण काढतो. त्या बिनघोर दिवसांत संत्री मिळायची, असे म्हणतो आणि लगेच शब्दकोश उघडून वाचावा तशा गंभीर सुरात सांगतो की हे एक गोल, गर असलेले, तांबूस पिवळे फळ असते. थिएटरात हशा पिकत असणार. हसणाऱ्यांत कित्येकांच्या घरी तीन-चार वर्षांत संत्रे आले नव्हते. जर्मन पाणबुड्यांतून वाट काढत येणाऱ्या जहाजांत फळांना जागा कुठून मिळणार? जी थोडी यायची त्यांवर पहिला हक्क लहान मुलांचा. लोणी, साखर आणि बेकन जानेवारी 1940 पासून रेशनवर होते, जून 1941 पासून कपड्यांनाही कुपने लागू लागली होती.

सरकारच्या सांगण्यावरून निघालेला हा प्रचारपट. पण प्रचार म्हटला की छाती फुगवून बोलायचे ही रीत तो पहिल्याच मिनिटाला मोडतो आणि प्रेक्षकाच्या रिकाम्या फळांच्या टोपलीकडे बोट दाखवून त्याला हसवतो. मला हा चित्रपट आवडतो तो या धिटाईमुळे. त्याची एक चलाखीही आहे. ती दुसऱ्यांदा पाहताना खटकते, आणि एकदा खटकली की विसरता येत नाही. तिच्याकडे वळायला थोडा वेळ लागेल.

लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस या उंच पांढऱ्या इमारतीत युद्धकाळात ब्रिटनचे माहिती मंत्रालय होते. तिथल्या चित्रपट विभागाला घरच्या आघाडीवर, म्हणजे कारखाने, शेते, रेशन, ब्लॅकआऊट या साऱ्यावर, एक चित्रपट हवा होता. काम सोपवले फ्रँक लाँडर आणि सिडनी गिलियट या लेखकांच्या जोडीवर. हिचकॉकचा 'द लेडी व्हॅनिशेस' यांच्याच लेखणीतून उतरलेला. दोघे देशभर कारखाने पाहत हिंडले आणि परत येऊन मंत्रालयाला म्हणाले, हे सगळे माहितीपटात कोंबू नका, गोष्ट सांगा. मंत्रालयाने ऐकले. सरकारी खात्याने लेखकाचे ऐकल्याचे हे उदाहरण जपून ठेवण्यासारखे आहे. गेन्सबरो कंपनीने चित्रपट काढला आणि दिग्दर्शनही त्या दोघांनीच जोडीने केले. सेटवर दोन दिग्दर्शक असले की नटांची काय त्रेधा होते ते कळल्यावर बरीच वर्षे तसा प्रयोग त्यांनी केला नाही. पुढे एकाने दिग्दर्शन करायचे, दुसऱ्याने सांभाळून घ्यायचे, अशी वाटणी झाली.

गोष्ट सांगा, हा सल्ला किती बरोबर होता हे तेव्हाची थिएटरे पाहून कळते. 3 सप्टेंबर 1939 रोजी युद्ध पुकारले त्याच दिवशी सरकारने सारी चित्रपटगृहे बंद केली होती. एक बॉम्ब पडला तर हजार माणसे एका छपराखाली सापडतील ही भीती. काही दिवसांतच ती उघडावी लागली, आणि मग लोक असे लोटले की युद्ध संपेपर्यंत आठवड्याला तीन कोटींवर तिकिटे जाऊ लागली. युद्धापूर्वी हा आकडा दोन कोटींच्या आत होता. घरी कोळशाची टंचाई, बाहेर मिट्ट काळोख. थिएटरात निदान ऊब होती.

मंत्रालयाची निकड होती बायकांची. पुरुष सैन्यात गेलेले, आणि विमाने, तोफा, दारूगोळा तर हवाच. अर्नेस्ट बेव्हिन हा वाहतूक कामगारांच्या युनियनचा दणकट पुढारी, चर्चिलने त्याला कामगारमंत्री केले होते. 1941 मध्ये बायकांची नावनोंदणी सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा आला. वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीची सेवा: सैन्याच्या स्त्रीदलांत, नागरी संरक्षणात किंवा कारखान्यात. 1943 च्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या अविवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ 90 टक्के आणि विवाहितांपैकी सुमारे 80 टक्के कुठल्या ना कुठल्या युद्धकामात होत्या. ज्या मुलींच्या मागे मुलेबाळे किंवा संसार नाही त्यांना घरापासून लांब, सरकार सांगेल त्या गावी जावे लागे. सरकारी दप्तरात त्यांना 'मोबाइल' म्हणत. चित्रपटातली सीलिया क्राऊसन ही अशीच एक मोबाइल मुलगी.

सीलिया घरातली धाकटी. आई नाही, म्हातारा बाप आहे, आणि एक बहीण आहे जिच्याकडे पुरुष वळून पाहतात. सीलियाकडे कोणी पाहत नाही. पॅट्रिशिया रॉक ही खरे तर देखणी नटी, पण इथे ती खांदे थोडे पाडून, आवाज खाली ठेवून वावरते आणि आपल्याला ते पटते. बोलावणे येते तेव्हा सीलिया स्वप्ने पाहू लागते. कॅमेरा तिच्या डोक्यात शिरतो: ती हवाई दलाच्या गणवेशात आहे, परिचारिका आहे, शेतावर गवत उचलते आहे, आणि प्रत्येक स्वप्नात एक रुबाबदार पुरुष हजर. मग ती रोजगार केंद्राच्या खुर्चीवर येऊन बसते. टेबलापलीकडची बाई कागद पाहते आणि म्हणते, कारखाना. सीलियाचा चेहरा पडतो. बाईचा आवाज मायेचा आहे. आजकाल गणवेशाइतकेच ओव्हरऑल घालूनही देशाचे काम होते, असे ती सांगते. पण दिवसभरात तिने हेच वाक्य चाळीस जणींना ऐकवले असणार, हेही त्या आवाजातून कळते. सीलिया निमूटपणे मान डोलावते. सक्तीच्या भरतीचा सरकारी संदेश आणि ज्या मुलीवर ती सक्ती झाली तिची निराशा, दोन्ही एकाच दृश्यात, आणि निराशेला कात्री लावलेली नाही.

मग वसतिगृह. दोघींना एक खोली, भिंती पातळ, जेवण रांगेत. सीलियाच्या खोलीत ग्वेन आहे, वेल्समधल्या खाणकामगाराची पदवीधर मुलगी, वाचणारी, समंजस. मेग्ज जेन्किन्सने ती इतक्या सहज उभी केली आहे की ती नटी आहे हेच आपण विसरतो. दुसऱ्या टोकाला जेनिफर, बड्या घरची. नखांना तेल लागणार म्हणून कपाळाला आठ्या. कारखान्याची दृश्ये खऱ्या विमान कारखान्यात घेतलेली आहेत, आणि लेथपाशी उभ्या असलेल्या, रुमालाने केस बांधलेल्या मागच्या कित्येक बायका खऱ्या कामगार आहेत. त्या काळात असे कारखाने केवढे होते याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा देतो: बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच इथल्या एका कारखान्यातून युद्धात सुमारे 12 हजार स्पिटफायर विमाने बाहेर पडली.

चित्रपट यंत्रांकडे कौतुकाने पाहतो, पण भाबडेपणाने नाही. पहिल्या दिवशी सीलियाला वाटलेली धास्ती, तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा कातण्यातला कंटाळा, फोरमन चार्ली फोर्ब्जची खेकसण्याची सवय हे सगळे त्यात आहे. चार्लीच्या भूमिकेत एरिक पोर्टमन आहे. दोनच वर्षांपूर्वी 'फॉर्टी नाइन्थ पॅरलल'मध्ये तो कडवा नाझी अधिकारी झाला होता. तोच माणूस यॉर्कशरी ठसक्यात मुलींना दम देताना पाहून तेव्हाच्या प्रेक्षकांना मजा वाटली असेल.

विनोद जागोजागी पसरलेला आहे. बापाच्या भूमिकेत मूर मॅरियट हा नट आहे. विल हेच्या विनोदी चित्रपटांतला बोळक्या तोंडाचा थेरडा म्हणून तो गाजलेला. इथे तो होम गार्डमध्ये जातो, आणि मुली घराबाहेर पडल्यावर स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांचा ढीग वाढत जातो. युद्धाने मध्यमवयीन इंग्रज पुरुषावर कोणते संकट आणले हे त्या ढिगाऱ्यावरून जितके समजते तितके भाषणांवरून समजणार नाही. 'द लेडी व्हॅनिशेस'मधली चार्टर्स आणि कॅल्डिकॉट ही क्रिकेटवेडी जोडगोळीही इथे सैनिकी वेषात मधूनमधून डोकावते आणि समुद्रकाठी सुरुंग पेरते. कथेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. प्रेक्षकांना जुने मित्र भेटल्याचा आनंद मिळावा, एवढाच उद्देश. मला त्या जागा थोड्या लांबल्यासारख्या वाटतात.

फ्रेड ब्लेक हा स्कॉटिश पोरगा बॉम्बफेकी विमानात गनर आहे. नाचाच्या कार्यक्रमात सीलियाची आणि त्याची ओळख होते. दोघेही इतके बुजरे की प्रेम जमते तेच मुळी एकमेकांची अडचण पाहून. लग्न होते. मधुचंद्राला ती दोघे त्याच समुद्रकाठच्या गावी जातात जिथे 1939 च्या उन्हाळ्यात क्राऊसन कुटुंब सुट्टीला गेले होते. तेव्हा वाळूवर माणसे होती, आता काटेरी तारा आहेत. थोड्याच दिवसांत फ्रेड जर्मनीवरच्या हल्ल्यातून परत येत नाही.

ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये युद्धभरात सव्वा लाखाच्या आसपास माणसे विमानांतून लढली. त्यांतली 55 हजार 573 मारली गेली. शंभरातली चव्वेचाळीस. 1943 साली थिएटरात बसलेल्या कोणाला हा आकडा माहीत नव्हता, पण शेजारच्या घरी आलेली तार माहीत होती. म्हणून दिग्दर्शकांनी फ्रेडच्या मृत्यूवर अश्रू ढाळत बसण्याची गरज ठेवली नाही. सीलिया कामावर राहते. शेवटच्या दृश्यात कारखान्याचे भरलेले कँटीन, मंचावर गाणारी बाई, आणि सगळ्या मुली तिच्याबरोबर एक जुने म्युझिक हॉलचे गाणे गात आहेत, 'वेटिंग ॲट द चर्च'. गाणे थट्टेचे, चर्चच्या दारात वाट पाहत राहिलेल्या फसलेल्या नवरीचे. नुकत्याच विधवा झालेल्या मुलीसमोर हेच गाणे ठेवायला छाती लागते. वरून बॉम्बर विमाने जाऊ लागतात, सीलिया वर पाहते, ग्वेन तिच्याकडे पाहते, आणि सीलिया हळूहळू त्या गाण्यात सामील होते. हॉलिवूडच्या 'मिसेस मिनिव्हर'मध्ये याच आघाडीची गोष्ट शेवटी पडझड झालेल्या चर्चमध्ये पाद्र्याच्या प्रवचनावर येऊन थांबते. ऑस्कर त्याला मिळाले. खरी इंग्रज बाई मात्र मला या कँटीनमध्ये सापडते.

जेनिफर आणि चार्लीचे काय होते? भांडता भांडता दोघे एकमेकांत गुंततात, आणि कोणत्याही रीतसर चित्रपटात त्यांचे लग्न लागायला हवे होते. इथे लागत नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर दोघे बसलेले असताना चार्ली मनातले बोलून दाखवतो. आता युद्ध आहे म्हणून आपण एका बाकावर बसतो, एका रांगेत जेवतो. उद्या युद्ध संपले की तू तुझ्या जगात जाशील की हे असेच राहील? ते नक्की कळेपर्यंत मी तुझ्याशी लग्न करणार नाही. जेनिफरकडे उत्तर नसते. चित्रपटाकडेही नसते, आणि तो ते असल्याचे सोंग आणत नाही. डिसेंबर 1942 मध्ये बेव्हरिजचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल बाहेर आला होता आणि सरकारी अहवाल असूनही लोकांनी तो रांगा लावून विकत घेतला होता. युद्धानंतर काय, हा प्रश्न घराघरांत होता. सरकारच्या सांगण्यावरून निघालेल्या चित्रपटाने तो उघड विचारला, आणि जुलै 1945 मध्ये मतदारांनी युद्ध जिंकणाऱ्या चर्चिलला घरी बसवून त्याचे निम्मे उत्तर दिले.

इथे ती चलाखी येते. चित्रपट जेनिफर आणि चार्लीमधल्या वर्गाच्या भिंतीवर बोलतो. पण सीलिया आणि चार्ली यांच्यामधली भिंत? संपूर्ण चित्रपटात सीलियाला आठवड्याचा पगार किती मिळतो, हा विषयच निघत नाही. तिच्या बाजूच्या यंत्रावर पुरुष असता तर त्याला किती मिळाला असता, हेही नाही. आणि नेमका हाच विषय त्या वर्षी कारखान्या-कारखान्यांत पेटला होता.

1940 मध्ये अभियांत्रिकी उद्योगाचे मालक आणि युनियन यांच्यात करार झाला होता. पुरुषाचे काम बाईने कोणाच्या जादा मदतीशिवाय आणि देखरेखीशिवाय केले तर तिला पायरीपायरीने वाढत 32 आठवड्यांनंतर पुरुषाइतका दर मिळेल. वाचायला छान. पण एखाद्या पुरुषाने येऊन यंत्र लावून दिले की झाली 'जादा मदत', मग बाईचा दर बाईचाच. कित्येक ठिकाणी मालकांनी हेच केले. प्रत्यक्षात या उद्योगात बायकांची साप्ताहिक कमाई पुरुषांच्या जेमतेम निम्मी राहिली. अभियंत्यांच्या मोठ्या युनियनने तरी काय केले? बायकांना सभासद करून घ्यायला तिला 1943 चा जानेवारी उजाडला. बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्या बाईला नुकसानभरपाई पुरुषापेक्षा आठवड्याला सात शिलिंग कमी मिळे. जणू बाईचा मोडलेला पाय स्वस्त. तो भेद संसदेतल्या स्त्री सभासदांनी लढून काढला तो एप्रिल 1943 मध्ये.

फ्रेडची भूमिका करणारा गॉर्डन जॅक्सन मूळचा ग्लासगोचा, चित्रपटांत येण्याआधी रोल्स रॉईसमध्ये ड्राफ्ट्समन. पुढे 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' मालिकेतला बटलर हडसन म्हणून घरोघर पोचलेला. रोल्स रॉईसच्याच ग्लासगोजवळच्या हिलिंग्टन कारखान्यात ऑक्टोबर 1943 च्या अखेरीस हजारो कामगार संपावर गेले. बहुतेक सगळ्या बायका. मागणी हीच, पुरुषाच्या यंत्रावर पुरुषाचा दर. युद्धात संप म्हणजे देशद्रोह, असे ऐकून घेत त्या बाहेर थांबल्या. तडजोड झाली तेव्हा कारखान्यातल्या एकेका यंत्राची यादी करून त्या त्या यंत्राचा दर ठरवला गेला, मग त्यावर बाई उभी असो की बुवा. 'मिलियन्स लाइक अस' प्रदर्शित झाला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात. पडद्यावर मुली गात होत्या, हिलिंग्टनच्या मुली नुकत्याच कामावर परतल्या होत्या.

चित्रपटाला हे माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. दोन्ही लेखक कारखाने पायाखाली घालून आले होते. पगाराचे बोलणे त्यांच्या कानावर पडलेच नसेल, हे मला पटत नाही. मंत्रालयाला मुली हव्या होत्या, आणि पगार निम्मा आहे हे सांगून मुली आल्या नसत्या. टेकडीवरचा प्रश्न भविष्याचा होता, तो परवडणारा होता. पगाराचा प्रश्न त्याच शनिवारचा होता.

या सगळ्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. मुंबईत सरकारने 1940 मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले, तेही युद्धप्रचाराचे चित्रपट काढण्यासाठीच. काही काळ त्याच्या निर्मितीची सूत्रे व्ही. शांताराम यांच्याकडे होती. 1942 च्या वादळात त्यांनी ते काम सोडले आणि त्याच वर्षी राजकमल ही स्वतःची चित्रसंस्था उभी केली. पुढच्या वर्षी सरकारने नियमच केला, की प्रत्येक खेळाबरोबर मान्यताप्राप्त प्रचारपट दाखवलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये लेखकांना कारखाने पाहायला पाठवून गोष्ट लिहून घेतली, इथे थिएटरमालकाला कायद्याचे कलम दाखवले. बंगालमध्ये त्याच 1943 साली माणसे रस्त्यावर भुकेने मरत होती. ती आघाडी कोणाच्या पडद्यावर येणार होती? आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बेव्हिनच्याच नावाने चाललेल्या योजनेखाली 1941 पासून भारतातले तरुण कारागीर तुकड्या-तुकड्यांनी ब्रिटनला शिकायला जात होते. 'बेव्हिन ट्रेनी' म्हणत त्यांना. सीलियाच्या कारखान्यासारख्या कारखान्यांतच ती मुले लेथवर उभी राहत. चित्रपटात असा एकही चेहरा दिसत नाही.

तरीही हा चित्रपट जरूर पाहावा. त्याच वर्षी गेन्सबरोनेच 'द मॅन इन ग्रे' काढला होता: रेशमी झगे, चाबूक, दुष्ट सरदार. कुपनांवर कपडे घेणाऱ्या प्रेक्षकांनी त्यावर अक्षरशः उड्या टाकल्या आणि मग कंपनीला त्याच वाटेची चटक लागली. पॅट्रिशिया रॉकही लवकरच 'द विकेड लेडी'च्या झग्यांत दिसली. लेथपाशी उभ्या असलेल्या साध्या मुलीला नायिका करून, तिला शेवटी काहीही बक्षीस न देता चित्रपट संपवण्याची हिंमत ब्रिटिश धंदेवाईक सिनेमाने त्यानंतर फार वेळा दाखवली नाही.

पगाराचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. 28 मार्च 1944 रोजी ब्रिटिश संसदेत शिक्षण विधेयकावर चर्चा चालू होती. थेल्मा कॅझलेट-किअर या चर्चिलच्याच पक्षाच्या सभासद बाईंनी दुरुस्ती मांडली, की शिक्षिकांना शिक्षकांइतकाच पगार द्यावा. दुरुस्ती 117 विरुद्ध 116 अशी, एका मताने मंजूर झाली. चर्चिल भडकले. हा सरकारवरच्या विश्वासाचा प्रश्न आहे असे त्यांनी जाहीर केले आणि युद्धाच्या ऐन भरात सरकार पाडायला कोण धजावणार? दोनच दिवसांनी तेच कलम फिरवून घेतले गेले, तेही प्रचंड बहुमताने. युद्ध संपले, लेथवरच्या बहुतेक मुलींना घरी पाठवले गेले. समान कामाला समान वेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये संमत झाला 1970 साली, डॅगनमच्या फोर्ड कारखान्यातल्या शिवणयंत्रांवरच्या बायकांच्या संपानंतर. मालकांना तयारीला वेळ हवा म्हणून तो लागू झाला 29 डिसेंबर 1975 रोजी. 1943 मध्ये विशीत असलेली सीलियासारखी मुलगी तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती.